नाव झाकून ऐकलं तर रान ऐकू येतं का? ('ओरेगन', पॉल विंटर आणि निसर्गातून आलेलं वाद्यसंगीत)

रानजाई

गेल्या महिन्यात धाकट्या भावाशी वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे आणतेय.

मी वीसेक वर्षं 'ओरेगन' ऐकतेय. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: १९७० च्या सुमारास जमलेला चार अमेरिकन वादकांचा मेळ. राल्फ टाउनर शास्त्रीय आणि बारा तारांची गिटार वाजवायचा, शिवाय पियानो. पॉल मॅककँडलेसकडे ओबो, इंग्लिश हॉर्न आणि बास क्लॅरिनेट ही फुंकून वाजवायची वाद्यं. ग्लेन मूर डबल बासवर. कॉलिन वॉलकॉट तबला, सतार आणि आणखी डझनभर तालवाद्यं घेऊन बसायचा. गायक नाही, शब्द नाहीत. जॅझमधली ऐनवेळची सूझ, युरोपातल्या चेंबर संगीताची (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताची) वीण आणि आपल्याकडचे ताल एकत्र, तेही अशा काळात जेव्हा बाकी सगळे विजेच्या गिटारी आणि मोठे स्पीकर यांच्या मागे लागले होते. टाउनर आणि मूर ओरेगन विद्यापीठात शिकले, त्या राज्यावरून नाव पडलं.

यांच्या रचनांची नावं बघा. १९७४ च्या 'विंटर लाइट' या एकाच तबकडीवर 'टाइड पूल', 'डिअर पाथ', 'रेनमेकर'. म्हणजे ओहोटीनंतर कातळात राहिलेलं पाणी, हरणांची वाट, पाऊस आणणारा. आधीच्या वर्षीच्या तबकडीचं नाव 'डिस्टंट हिल्स', दूरचे डोंगर.

भावाचं म्हणणं असं: "ताई, निसर्ग फक्त नावात आहे. नाव वाचलंस म्हणून तुला हरीण दिसतं. त्याच रचनेला 'लोकल ट्रेन' म्हणाले असते तर तुला दादर दिसलं असतं."

मी चिडले, पण उत्तर देता आलं नाही. शब्द नसलेल्या संगीतात डोंगर, पाणी, पाऊस खरंच येतो का? येत असेल तर नेमका कुठून? ज्यांनी असं काही ऐकलंय, वाजवलंय, त्यांनी लिहा.

मंद्रसप्तक

छान धागा. बसतो वाचत.

अनवट

भावाशी सहमत आहे, आणि एक पाऊल पुढे जातो. आपल्याकडे पावसाचे राग आहेत, पण मल्हारात कोणी पावसाची नक्कल करत नाही. मियाँमल्हारात दोन्ही निषादांचं ते आंदोलन, कोमल गंधारावरचा तो हेलकावा... ते गायक मेहनतीने उभं करतो आणि मग ऐकणाऱ्याच्या मनात आभाळ भरून येतं. ते येण्यासाठी शेकडो वर्षांचा संकेत पाठीशी आहे. लहानपणापासून आपण मल्हार पावसाळ्यात ऐकला, म्हणून तो पावसाचा.

ओरेगनकडे असा संकेत नाही, म्हणून त्यांना नावांची काठी लागते. आणि स्पष्ट लिहितो, तबला-सतार आणून ओबोशेजारी बसवली की मला तरी ते जेवणाच्या ताटात नुसतं लोणचं वाढल्यासारखं वाटतं. आपल्या वाद्यांचा असा चवीपुरता वापर बघून वाईट वाटतं.

ठाणेकर_ठेका

अनवटजी, मल्हाराबद्दल लिहिलंत ते मान्य. लोणच्याबद्दल अजिबात मान्य नाही.

कॉलिन वॉलकॉट सतार पंडित रविशंकरांकडे आणि तबला उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. चार बोल पाठ करून स्टेजवर चढलेला माणूस नव्हे. माइल्स डेव्हिसच्या १९७२ च्या ध्वनिमुद्रणात सतारीवर तो आहे. पुढे ट्रंपेटवाला डॉन चेरी आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस यांच्याबरोबर त्याने 'कोडोना' हे त्रिकूट केलं. त्याचा तबला ऐकताना मला एक गोष्ट फार शिकवून गेली: तो ठेका धरून बसत नाही. तबल्यातून सूर काढतो, मधेच सोडून देतो, हात बाजूला ठेवतो. तबलजीने हात बाजूला ठेवणं किती अवघड असतं ते वाजवणाऱ्यालाच कळेल.

माझा अनुभव सांगतो. आम्ही चार जण गेली सहा वर्षं असंच काहीतरी वाजवतो. गिटार, बासरी, व्हायोलिन आणि मी. पहिलं वर्ष नुसतं भांडणात गेलं. गिटारवाल्याला सोयीची पट्टी पांढरी दोन, बासरीवाल्याची आवडती बासरी काळी एकची, आणि मी दोन्हींसाठी वेगवेगळे दायें (उजव्या हाताचे तबले) घेऊन रिक्षातून फिरणार. त्यात जुलै महिना. शाई ओली नसते पण पुडी (तबल्याचं कातडं) हवा पिते, वादी सैल पडते, हातोडी मारून मारून गट्टे खाली गेले तरी सूर वर चढत नाही. गिटारवाला म्हणायचा माझं लाकूड फुगलंय. बासरी तेवढी मजेत.

एके दिवशी कंटाळून आम्ही ठरवलं की आज सूर जुळवायचाच नाही, बाहेर पाऊस पडतोय त्याच्याबरोबर वाजवू. गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस. वीस मिनिटं वाजवलं असेल. पहिल्यांदा असं झालं की कोणी कोणावर चढलं नाही, कारण पत्रा आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने वाजत होता आणि सगळ्यांना त्याच्यात जागा शोधायची होती. रानजाईताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी थोडंसं सापडलं असं वाटतं, पण नीट शब्दांत सांगता येत नाहीये.

कुमुद

ठाणेकर, पत्र्याच्या पावसाचं ध्वनिमुद्रण असेल तर ऐकवा ना!

ठाणेकर_ठेका

नाही केलं कुमुदताई. तेव्हा सुचलंच नाही. पत्रा मात्र अजून आहे.

दत्ताकाका

अनवट, तुमच्या संकेताच्या मुद्द्याला धरून एक आठवण देतो.

आमच्या वडिलांनी घेतलेल्या रेकॉर्डमध्ये १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' होती. शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी, ब्रिजभूषण काब्रा गिटार आणि तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना. पहाटेला अहिरभैरव, मग नटभैरव, पुढे पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. एचएमव्हीत हे घडवून आणणारे जी. एन. जोशी. होय, तेच 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे. १९३० च्या दशकात घराघरात रान पोचवणारा माणूस पस्तीस वर्षांनी शब्द काढून टाकून पुन्हा रानातच गेला, हे मला फार आवडतं.

त्या काळी संतूर मैफलीत नवं होतं. गिटारही मांडीवर आडवी ठेवून, वरून पट्टी फिरवून वाजवलेली. म्हणजे प्रयोगच होता. पण लोकांना तो परका वाटला नाही. कारण निसर्ग त्यांनी नावातून आणला नाही, घड्याळातून आणला. रागांचे प्रहर आपल्या अंगात असतात. आमची आई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, वेष्टनावरचं इंग्रजी तिला काय कळणार? पण ती बाजू लागली की म्हणायची, "आता ऊन चढलं."

तेव्हा नाव झाकूनही निसर्ग ऐकू येतो. आमच्या घरात येत होता.

अनवट

काका, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. आईंना प्रहर माहीत होते. ते न जाणणाऱ्या नॉर्वेच्या माणसाला ऊन चढलेलं कळेल का?

दत्ताकाका

नॉर्वेत ऊन चढायला किती वेळ लागतो ते आधी विचारावं लागेल.

सायली_पोर्टलँड

मी त्या ओरेगनात राहते, म्हणून लिहिलंच पाहिजे!

इथे येऊन अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मला इथल्या पावसाचा अतिशय राग यायचा. आपला पाऊस येतो म्हणजे वाजत-गाजत येतो. आधी उकाडा, मग वारा, मातीचा वास, मग कोसळतो आणि मग उघडीप. इथे ऑक्टोबरपासून मे-जूनपर्यंत बारीक झिमझिम. गर्जना क्वचित. छत्री कोणी उघडत नाही. पाऊस कोसळत नाही, झिरपतो. झाडांच्या खोडांवर इतकं शेवाळ की दिवसभर हिरवा उजेड.

ओरेगनचं संगीत मी इथे आल्यावर पहिल्यांदा ऐकलं, गाडीत, कोलंबिया नदीच्या घळीतून जाताना. आणि मला पहिल्यांदा इथला पाऊस *कळला*. या संगीतात कुठे कळस नाही, 'आता बघा हं' असं काही नाही. सूर येतात, थांबतात, पुन्हा थोडे येतात. अनवट, तुम्ही म्हणता तो संकेत इथेही असेल, फक्त तो रागाचा नसून हवामानाचा असेल. (मला संगीतातलं शास्त्र कळत नाही, चूक असेल तर सांगा.)

'टाइड पूल'बद्दल: इथे कॅनन बीचला हेस्टॅक रॉक नावाचा प्रचंड खडक आहे. ओहोटीला त्याच्या पायथ्याशी खळगे उघडे पडतात आणि त्यांत समुद्रतारे, हिरवी समुद्रफुलं. लोक वाकून, अगदी हळू बोलत बघतात. मुलंसुद्धा हळू बोलतात.

आणखी एक. त्याच 'विंटर लाइट'वर 'विची-ताय-तो' आहे. ती मुळात जिम पेपर या मूलनिवासी सॅक्सोफोनवादकाची रचना, आजोबांकडून आलेल्या, पेयोटी या निवडुंगाच्या विधीतल्या गाण्यावर बेतलेली. जिम पेपर इथल्याच सेलमचा जन्म. हा संदर्भ द्यायला हवा असं वाटलं, कारण 'जगभरातून घेतलं' म्हणताना बहुतेकदा शेजारच्याचं नाव राहून जातं.

रानजाई

सायली, किती सुंदर लिहिलंस. माहेर रत्नागिरीजवळचं असल्याने ओहोटीचा कातळ मला पाठ आहे. आमच्याकडे मुलं अजिबात हळू बोलत नाहीत, कारण पाय कापतो कालवांवर!

कातळशिल्प

निसर्ग म्हणताय तर पॉल विंटरला वगळून कसं चालेल? ओरेगनचे चौघंही त्याच्या 'पॉल विंटर कन्सॉर्ट' या वादकमेळातूनच बाहेर पडले. 'इकॅरस' ही टाउनरची प्रसिद्ध रचना आधी तिथली, आणि १९७२ ची त्या नावाची तबकडी बीटल्सवाल्या जॉर्ज मार्टिनने निर्मित केलेली.

विंटर सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो. १९६८ मध्ये त्याने रॉजर पेन या शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकलं. पेनने हंपबॅक देवमाशांचे आवाज ऐकवले आणि सांगितलं की हे नुसते आवाज नाहीत, ही गाणी आहेत: ठरावीक ओळी, त्यांची आवर्तनं, पुन्हा पहिल्यापासून. एका भागातले सगळे नर एकच गाणं गातात, आणि ते गाणं हळूहळू बदलत जातं. विंटरचं आयुष्यच त्या व्याख्यानाने वळलं. १९७८ च्या 'कॉमन ग्राउंड'मध्ये देवमासा, लांडगा आणि गरुड यांचे खरे आवाज आहेत आणि वादक त्यांच्याशी जुगलबंदी करतात. पुढे 'कॅन्यन' (१९८५) साठी मंडळी वाद्यं घेऊन ग्रँड कॅन्यनमध्ये उतरली आणि तिथल्या कड्यांचा प्रतिध्वनी घेऊन वाजवलं. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये त्याच्या हिवाळी अयनाच्या (वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या) मैफली १९८० पासून सुरू झाल्या.

इथे नाव झाकायचा प्रश्नच येत नाही. लांडगा रडतो तो ऐकूच येतो.

अनवट

मग ते सोपं झालं ना! लांडगा ध्वनिमुद्रित करून शेजारी वाजवलं तर लांडगा ऐकू येणारच. त्यात संगीतकाराचं काय? उद्या कोणी मारव्याच्या, म्हणजे संध्याकाळच्या रागाच्या, मैफलीत पडद्यावर सूर्यास्त दाखवला तर आपण उठून जाऊ.

कातळशिल्प

नाही, एक फरक आहे. विंटर लांडग्याला पार्श्वभूमीला ठेवत नाही. लांडग्याचा आक्रोश जिथे उतरतो त्याच सुरांवर सॅक्सोफोन उतरतो. म्हणजे लांडग्याने बंदिश दिली आणि माणसाने विस्तार केला. 'मिसा गाया' या त्याच्या प्रार्थनासंगीतातही लांडग्याच्या हाकेवरून एक भाग बांधलाय आणि देवमाशाच्या गाण्यावरून दुसरा. प्राण्याला गुरू मानायला धाडस लागतं.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा असं सांगितलंय ते काय वेगळं?

अनवट

षड्ज मोराचा, हे विसरलो होतो. विचार करतो यावर.

मिरजकर

मी वाद्यं बनवणाऱ्या घरातला. थोडं आमच्या बाजूने.

सतार आणि तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून. शेतकरी तो वेलावर वाळेपर्यंत राखतो. खायचा भोपळा वेगळा, हा कडू. मग तो आमच्याकडे येतो, महिनोन्‌महिने सुकतो. भिजवतात, कापतात, आतून आधार देऊन आकार धरतात. एका वर्षी अवकाळी पाऊस झाला की त्या वर्षीच्या भोपळ्याला डाग आणि पातळ साल, आणि ते आवाजात येतं. आजोबा तंबोरा छेडून सांगायचे, "हा भिजका भोपळा." दांडी तुणाच्या लाकडाची. जवारी (तारेचा गुंजारव) काढायची तर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस किती हलकी फिरवायची हे हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले.

तो ओबोसुद्धा तसाच. त्याची जिभाळी दुहेरी बोरूची, आपल्या सनईच्या जातीची. वादक बोरू विकत घेऊन स्वतः सुरीने तासतात. हवा बदलली की जिभाळी रुसते.

सांगायचं एवढंच की वीज न लावता वाजवलेल्या वाद्यात भोपळा, बोरू, बांबू, कातडं आणि लाकूड हेच वाजत असतं. निसर्ग संगीतात कुठून येतो असं विचारलंत. आमच्याकडे तो बैलगाडीतून यायचा, आता टेंपोतून येतो.

मंद्रसप्तक

मिरजकर, यावर वेगळा धागा काढाच. जवारीवर सविस्तर वाचायचंय.

कुमुद

+१. आमच्या घरचा तंबोरा आत्ता उठून बघून आले. डाग आहे एक!

गोंयचो_पावस

कातळशिल्प, देवमाशांवरून आठवलं. लोकांना वाटतं हे सगळं हवाई, अलास्का इथलं. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक स्वतंत्र, फार छोटा गट आहे. बाकीचे हंपबॅक हजारो किलोमीटर ये-जा करतात, हे इथेच राहतात. आणि आमच्या गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली लावलेल्या ध्वनिग्राहकात त्यांची गाणी सापडली आहेत. संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झालाय.

म्हणजे आपण मिरामारला भेळ खात बसतो तेव्हा पाण्याखाली कोणीतरी ख्याल गात असू शकतं. हे कळल्यापासून मी समुद्राकडे वेगळ्या नजरेने बघतो.

सायली_पोर्टलँड

अंगावर काटा आला.

ठाणेकर_ठेका

मूळ विषयाकडे येतो, कारण आपल्या मराठी माणसांसाठी सगळ्यात जवळचा धागा अजून कोणी ओढलाच नाही.

नोव्हेंबर १९८४. ओरेगनचा युरोप दौरा चालू होता. पूर्व जर्मनीत गाडीला अपघात झाला आणि कॉलिन वॉलकॉट गेला. वय ३९. बाकीच्यांनी काही काळ थांबायचं ठरवलं. असा तबला आणि अशी समज एकाच माणसात पुन्हा कुठून मिळणार? मिळाला तो मुंबईचा त्रिलोक गुर्टू. शोभा गुर्टूंचा मुलगा. ठुमरीच्या शोभाताई, माहेरच्या शिरोडकर, जन्म बेळगावचा. १९८७ च्या 'इकोटोपिया'पासून तो ओरेगनबरोबर होता, पुढे '४५थ पॅरलल' आणि आणखी एक तबकडी. (४५ वं अक्षवृत्त ओरेगन राज्यातून जातं.)

त्रिलोकचं वाजवणं ज्यांनी प्रत्यक्ष बघितलंय त्यांनी ती बादली बघितली असेल. तो ड्रमसेट स्टुलावर बसून वाजवत नाही, तबल्यासारखा जमिनीलगत बसतो. शेजारी पाण्याची बादली. झांज वाजवून पाण्यात बुडवतो, आणि सूर वाकतो, ओला होतो, खाली घसरतो. शंखशिंपल्यांच्या माळाही पाण्यात बुडवतो. ध्वनिमुद्रित पाणी नव्हे, खरं पाणी. अनवटजी, याला तुम्ही नक्कल म्हणाल का? पाणीच वाद्य झालंय.

शोभाताई स्वतः मुलाच्या १९८८ च्या 'उसफ्रेट'मध्ये गायल्या आहेत.

अनवट

ठाणेकर, त्रिलोक शोभाताईंचा मुलगा हे माहीत होतं, पण तो ओरेगनमध्ये होता हे नव्हतं. मग आज दुपारी बसून ऐकलं. लोणच्याचं मी मागे घेतो. बादलीतली झांज ऐकताना मला जलतरंग आठवला नाही, विहिरीत घागर बुडताना जो 'डुबुक' होऊन आवाज बदलत जातो तो आठवला. लहानपणानंतर ऐकला नव्हता.

आणि आता माझ्याकडून एक. शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्याच तबकडीवर रॉजर पेननी मुद्रित केलेलं हंपबॅक देवमाशांचं गाणं आहे. कातळशिल्पने लिहिलेलेच पेन, तेच मासे.

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही यानं सुटली. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

म्हणजे ज्या माणसाच्या देवमाशांनी पॉल विंटरला वळवलं त्याचे देवमासे, आणि ज्या घराण्याची तालीम ओरेगनच्या तबलजीच्या आजीकडे होती त्याच घराण्याचा आवाज, हे दोन्ही एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या बाहेर जात आहेत. मी हे लिहिताना दोनदा थांबलो.

दत्ताकाका

अनवट, नमस्कार घ्या.

गोंयचो_पावस

केरीची केसरबाई आणि देवमासो. आज मला खूप बरं वाटलं.

बेडूकराव

उशिरा आलो. मी पावसाळ्यात आंबोलीला आवाज मुद्रित करायला जातो. मुख्य प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

जुलैत आंबोलीत रात्री दहाला उभे राहा. पहिल्यांदा नुसता कल्लोळ वाटतो. ते ध्वनिमुद्रण संगणकावर चित्रात उलगडलं की वेगळंच दिसतं. वर बारीक रेघांचा पट्टा, ते रातकिडे. त्याखाली झुडपातल्या छोट्या बेडकांची टकटक, तीही एकमेकांच्या मधल्या फटीत. खाली मोठ्या बेडकांचा खरज. पाण्याचा आवाज सगळीकडे पसरलेला, म्हणून ओढ्याकाठचे बेडूक त्याच्यावर ऐकू जाईल असा उंच सूर धरतात. पहाटे शीळकरी कस्तूर सुरू करतो, तेव्हा रातकिडे बरेच ओसरलेले असतात. त्याची ती माणसासारखी, वाट चुकलेली शीळ मोकळ्या जागेत येते.

बर्नी क्राउझ या अमेरिकन ध्वनिमुद्रकाने (हाही मुळात संगीतकारच) यावर एक मांडणी केली आहे: जुन्या, न बिघडलेल्या रानात प्रत्येक जीव आवाजाच्या पटात स्वतःची जागा धरतो, म्हणजे त्याची हाक दुसऱ्याच्या हाकेखाली गाडली जात नाही. रान तोडलं की आधी त्या पटात भोकं पडतात. सगळ्या शास्त्रज्ञांना ती सगळीकडे लागू होते असं वाटत नाही, पण आंबोलीत मी ती डोळ्यांनी बघितली आहे.

ठाणेकरांनी पत्र्याच्या पावसाबद्दल लिहिलं तेव्हाच मला हे आठवलं. सगळ्यांना त्याच्यात जागा शोधायची होती, असं तुम्ही लिहिलंत. बेडूक तेच करतो.

काल रात्री मी कुतूहल म्हणून ओरेगनची एक रचना त्याच संगणकावर टाकून तिचं चित्र काढलं. खाली मूरचा बास. (सुमारे १७१५ सालचं वाद्य आहे म्हणे ते, म्हणजे ते लाकूड शिवशाहीतच रुजलं असेल!) मधे ओबोची जाड रेघ. तिच्या वर बारा तारांचा तुषार. तबला फटींमध्ये. आणि मधे मधे मोकळी जागा, तीही बरीच. आंबोलीच्या चित्राशेजारी ठेवून बघत बसलो. नाव झाकूनच बघितलं.

ठाणेकर_ठेका

बेडूकराव, मला शब्दांत सांगता येत नव्हतं ते हेच. दोन्ही चित्रं इथे टाकाल का?

बेडूकराव

टाकतो रविवारी. एक आहे, रात्रीच्या मुद्रणात एका दुचाकीचा आवाजही आला आहे. त्या चाळीस सेकंदांत सगळे बेडूक गप्प होतात. ते चित्रात फार स्पष्ट दिसतं.

मिरजकर

विजेचा भोंगा लावला की तंबोरा गप्प होतो, तसंच.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हा धागा वाचतेय, भावालाही पाठवला. तो म्हणाला, "बेडकांचं पटलं, देवमाशांचं मोठं आहे, पण नाव झाकून ऐकवलंस का कोणाला?"

म्हणून काल आईला ऐकवलं. आईने आयुष्यात ओरेगन हे नाव ऐकलेलं नाही, ना बँडचं ना राज्याचं. ती मागच्या दारी पोह्याचे पापड वाळत घालत होती. मी फोन खांबाला टेकवून ठेवला आणि काही न सांगता 'टाइड पूल' लावलं. तिला समुद्र आठवेल अशी मला आशा होती, खोटं कशाला बोलू.

तिने दोन-तीन मिनिटं ऐकलं. मग म्हणाली, "पहाटेचं आहे हे. कोणी उठलेलं नाही अजून, पण सगळे जागे आहेत."

मी विचारलं, पाणी वाटतं का कुठे? म्हणाली, "पाणी नाही. पाणी आणायला जायच्या आधीचं." आणि हातातला पापड तसाच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

भावाला हे सांगितलं. तो काही बोलला नाही. आज सकाळी त्याचा निरोप आला, साडेपाच वाजताचा: "ताई, त्या रचनेची लिंक पाठव."

सायली_पोर्टलँड

रानजाई, आईंना 'रेनमेकर' पण ऐकव ना. त्या काय म्हणतात ते इथे लिही.

रानजाई

ऐकवते. पापड उचलून झाले की.